रॅम्पंट अळू

द्वारका, नवी दिल्ली
३ जुलै २०१५

अक्का,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. आणि सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे म्हणजे राग गेला असंही समजू नकोस. काम आहे म्हणून लिहिते आहे. इंग्रजीचं काम आहे, आणि वाईत काय नि दिल्लीत काय, त्या कामाला माझ्या ओळखीत तुझ्याइतकं खडूस माणूस दुसरं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, मधेच दुरुस्त करतेस. पत्रात हव्या तेवढ्या दुरुस्त्या कर, मला ऐकू येत नाहीत.

तर काम असं. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर सोमवारी एक नोटीस लागली. सगळी इंग्रजीत आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं की, ए-ब्लॉकच्या मागे तळमजल्यावरच्या एका स्वयंपाकघराबाहेर, सामाईक जागेत, एका झाडोऱ्याची 'रॅम्पंट' वाढ झाली आहे. ती बॅडमिंटन कोर्टापर्यंत पोहोचली आहे. तिच्यात डास होतात. आणि संबंधितांनी ती पंधरा दिवसांत काढली नाही तर सोसायटी काढून टाकेल. संबंधित म्हणजे मी. त्या बाजूला दुसऱ्या कोणाचं स्वयंपाकघरच नाही, तरी नोटिशीत माझं नाव नाही. का नाही, ते खालची सही वाचलीस की कळेल. सही आहे ओमप्रकाश खुराना, सेक्रेटरी.

हो, तेच. आपल्या सुनीतीचे सासरे. सुनीती आणि जावई गुडगावला राहतात, पण हे आपले इथेच, समोरच्या बी-ब्लॉकमध्ये. तू त्यांना विसरली असशील, ते तुला जन्मात विसरणार नाहीत.

झाडोरा म्हणजे अळू. आपलं साधं अळू. पाणी शुद्ध करायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी तिकडे जातं, ते पिऊन जरा वाढलं. एकेक पान सुपाएवढं झालंय. कुठून आलं म्हणशील, तर आलं आपलं. दिल्लीत कुठून कुठून काय काय येतं.

दुसरा कोणी सेक्रेटरी असता तर मी त्याला दारात उभं करून बोलले असते. मंत्रालयात पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या आहेत, सेक्रेटरी मला नवीन नाहीत. पण हे व्याही. आपण मुलीकडची माणसं. ह्यांना विचारलं तर पेपराआडून म्हणतात, "सुमित्रा, मुलीच्या सासऱ्यांशी अळूवरून भांडायचं?" म्हणजे मी भांडू शकत नाही, हे भांडणार नाहीत. उरलीस तू.

तुझा हक्कही आहे. सुनीतीच्या रिसेप्शनला माइकवर खुरानाजी इंग्रजीत म्हणाले होते की दोन्ही घरांत प्रेम आणि आनंद रॅम्पंट होवो. आणि तू पहिल्या रांगेतून, वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तोच आवाज काढून म्हणालीस, "रॅम्पंट? लाचलुचपत रॅम्पंट असते, हिवताप रॅम्पंट असतो. आनंद नसतो." व्हिडिओत आहे अजून. सगळा हॉल हसला. खुरानाजींनी हातातल्या कागदाची घडी घातली आणि अर्धं भाषण खिशात ठेवून खाली बसले. घरी आल्यावर मी तुला म्हणाले, तुझं लाल पेन घे आणि वाईला जा. तू गेलीस. ते बोलणं मी परत घेत नाही.

पण ह्या माणसाला हा शब्द कळत नाही असं तूच साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितलंस ना? मग आता तेच लिहून दे. शब्द चुकीचा, सबब नोटीस चुकीची. खाली सही, त्याखाली 'निवृत्त प्राध्यापिका, इंग्रजी विभाग'. बाकी मी बघते.

कामापुरती तुझी,
सुमित्रा


१७ जुलै

अक्का,

कार्ड मिळालं. सहा वर्षांनी बहीण दोन पानं लिहिते आणि तू कार्ड पाठवतेस. तेही इंग्रजीत, आणि लाल शाईनं.

काय तर म्हणे, वापर अचूक आहे. आवर न राहिलेल्या वाढीला हा शब्द लागतो. वनस्पतीला लागतो, रोगाला लागतो, गैरप्रकाराला लागतो. मराठीत माजणे, बोकाळणे. लेखकाने शब्द शिकून घेतलेला दिसतो. दहापैकी दहा.

दहापैकी दहा! मी शाळेत असताना 'माझा आवडता ऋतू' हा निबंध तुझ्याकडे तपासायला दिला होता, तेव्हा सख्ख्या बहिणीला दहापैकी साडेचार दिले होतेस. आणि खुरानाजींना दहा.

आता शब्दांवर आलोच आहोत तर माझंही ऐक. माजणे आणि बोकाळणे तू एका दमात लिहिलंस, ते मला पटलेलं नाही. बोकाळतात त्या नको असलेल्या गोष्टी. भ्रष्टाचार बोकाळतो, चोऱ्या बोकाळतात, आमच्या इथे कोचिंग क्लास बोकाळलेत. माजतं ते रान, नाहीतर माणूस. पण अळू? आई परसात विहिरीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "यंदा काय फोफावलंय गं!" त्यात तक्रार होती का? लगेच विळी मागायची आणि आळीत घरोघरी गड्ड्या जायच्या. अळू तेच, पाणी तेच. ज्याला हवं तो म्हणतो फोफावलं, ज्याला नको तो म्हणतो माजलं. तुमच्या इंग्रजीत फोफावण्याला काही बरा शब्द असेल तर तो खुरानाजींना कळव, दहापैकी अकरा दे वाटल्यास.

सुनीती रविवारी आली होती. तिला हे सगळं सांगत होते. मधेच म्हणाली, "आई, फोफावणं मतलब रॅम्पंट ना?" मी कपाळाला हात लावला. मुलगी माझी, वाढली द्वारकेत, शब्द कळला तो तुझ्या वैऱ्याचा.

आणि आता खरी गंमत ऐक. ह्यांनी तुझं कार्ड टेबलावरून उचललं आणि संध्याकाळी फिरायला जाताना खुरानाजींना नेऊन दाखवलं. का, तर शांतता व्हावी! खुरानाजींनी बाकावर बसून, चष्मा पुसून ते वाचलं. म्हणाले, "दस में से दस? प्रोफ़ेसर साहिबा ने दिए?" मग परत वाचलं, आणि शर्टाच्या खिशात घातलं. ते काही परत दिलेलं नाही. आता रोज सकाळी गुलाबांना पाणी घालताना अधूनमधून खिशाला हात लावून बघतात म्हणे. त्या रिसेप्शननंतर सहा वर्षं त्यांनी कुठे चार ओळी इंग्रजीत बोललेल्या नव्हत्या, हे मला परवा सुनीतीकडून कळलं. सोसायटीच्या मीटिंगा हिंदीतच घ्यायचे. ते ऐकून मला जरा कसंसंच झालं, पण अळू अळूच्या जागी.

म्हणजे मी वकील म्हणून तुला बोलावलं आणि तू समोरच्याला निकाल लिहून दिलास.

गुडघे कसे आहेत ते लिहिलं नाहीस. मी विचारलं नव्हतं हे खरं. आता विचारते.

सुमित्रा


२९ जुलै

अक्का,

अळू गेलं.

मी दोन दिवस सुनीतीकडे गुडगावला होते. आले तो मागचं दार उघडल्यावर नुसती माती. सोसायटीचा माळी श्याम, त्यानं दोन माणसं लावून सगळं खणलं. मुळं, कंद, काही ठेवलं नाही. हातगाडीवर घालून नेलं. ह्यांना विचारायला खुरानाजी स्वतः आले होते. "भालचंद्रजी, आपकी इजाज़त है न?" असं हात जोडून म्हणाले. व्याह्यांनी हात जोडल्यावर ह्यांच्या तोंडून नाही कसं निघणार? वर चहा पाजला त्यांना.

मी ह्यांच्याशी बोलत नाही. म्हणजे जेवायला बसा एवढं म्हणते.

आता तुला सांगते. अळू आपोआप आलं नव्हतं. तू गेलीस त्या सकाळी ओट्याखाली ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुरचुंडी होती. तू मला द्यायला वाईहून आणलेले कंद, आपल्या परसातले, आईच्या हातचे. तू टॅक्सीत बसलीस आणि ती पुरचुंडी तिथेच. मी उचलली आणि मागच्या दारातून फेकून दिली. फेकली, लावली नाही, हे नीट लक्षात घे.

पावसाळ्यात बघते तर तीन पानं. मी पाणी घातलं नाही. पहिल्या वर्षी तरी घातलं नाही. पुढे ते पाण्याचं मशीन बसवलं तेव्हा प्लंबरला म्हटलं नळी तिकडे काढ, एवढंच. हे म्हणाले, "बहिणीशी बोलत नाहीस आणि तिच्या अळूला पाणी पाजतेस?" मी म्हटलं, अळूनं काय केलंय?

दर वर्षी गौरीच्या नैवेद्याला त्याचीच भाजी केली. चिंच, गूळ, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, आई घालायची तस्सं. चिरण्याआधी हाताला तेल. आणि चिरताना 'खाजेल का गं' असं म्हणायचं नाही, म्हटलं की खाजतंच, हेही तिचंच. वाढताना दर वर्षी मनात यायचं की तुला कळवावं. कळवलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट.

मी आज रडले, अक्का. बासष्ट वर्षांची बाई अळूसाठी रडते हे कोणाला सांगायची सोय नाही. शेजारी म्हणतील पाच रुपयाला जुडी मिळते. करोल बागेत एका भाजीवाल्याकडे मिळते, आणते मी कधी कधी. पण ती आपल्या विहिरीपाशी उगवलेली नसते ना.

तुझ्या परसात आहे तेवढं आहेच. कोणी इकडे येणारं असलं तर दोन कंद पाठव. ह्या वेळी फेकणार नाही.

सुमी


११ ऑगस्ट

अक्का,

तुझं पत्र आलं. चार पानी, मराठी, आणि निळ्या शाईचं. आधी वाटलं पोस्टमन चुकला.

वाचून मी पाटावर बसून राहिले. परसात शेवाळावरून घसरलीस, मनगट मोडलं, दोन महिने प्लॅस्टरमध्ये होतीस, आणि ते दोन वर्षांपूर्वी! शेजारच्या गिरिजाबाईंनी डबा दिला, वेणी घातली, मग त्यांनीच गवंडी आणून सगळ्या परसात फरशी घालून घेतली. आणि मला कळवलं नाहीस. मी वाईला जा म्हटलं होतं, मर म्हटलं नव्हतं.

कोणत्या हाताचं मनगट तेही लिहिलेलं नाहीस. उजवं असेल तर लाल पेन कसं धरत होतीस?

फरशी घातली ते बरंच केलंस. गिरिजाबाईंना माझा नमस्कार सांग. पण अक्का, म्हणजे आईचं अळू आता तिथेही नाही. इथलं मी घालवलं नि तिथलं तू झाकलंस. आपल्या दोघींनाही वाटत होतं, दुसरीकडे आहेच.

तू लिहिलंस, 'वापर अचूकच होता, पण वनस्पती कोणती हे आधी विचारायला हवं होतं. आपलं अळू आहे असं लिहिलं असतंस तर दहापैकी शून्य दिलं असतं.' शून्य? उभा जन्म मुलांना अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी रडवणारी तू? वाचून हसू आलं, आणि मग पुन्हा रडू आलं. ह्यांनी निमूटपणे चहा करून आणून दिला. बरा झाला होता, तसं मी सांगितलंही.

गौरीला ह्या वर्षी पालक घालीन. गौरी काही विचारणार नाही, आल्या आल्या मीच तिला सांगून टाकीन.

सुमी


३० ऑगस्ट

अक्का, अक्का, अक्का,

बस खाली आणि मग वाच.

महिनाभर इथे पाऊस आहे. आठ दिवसांपूर्वी जरा उघडला तशी दूध आणायला निघाले. गेटपाशी चौकीदाराच्या खोलीला लागून झेंडूचा वाफा आहे, त्यात एक पान. मी म्हटलं भास झाला. पुढे मुलांच्या झोपाळ्यापाशी चार. देवळाच्या कट्ट्याला लागून रांगच्या रांग. क्लब-हाउसच्या कुंड्यांतून. सी-ब्लॉकच्या पायऱ्यांशी. अळू, अक्का! काळसर देठाचं, आपलं!

श्यामला गाठलं. श्यामची एक रीत आहे, तो माती कधी बाहेर टाकत नाही. कुठे खणलं की ती माती तो दुसरीकडे वापरतो. आमच्यामागची माती सहा वर्षं पानं कुजून काळीभोर झालेली, ती तो कशाला टाकील? त्यानं ती सगळ्या सोसायटीच्या वाफ्यांत पसरली, फावड्यानं तुटलेल्या कंदांसकट. त्याला मी विचारलं, कंद का नाही वेचलेस? म्हणाला, "आंटीजी, इतनी बारिश में कौन चुनता है।" आणि कंदाचे तुकडे केले की काय होतं ते तुला मी सांगायला नको.

आणि सगळ्यात जास्त कुठे आलंय सांगू? खुरानाजींच्या गुलाबात. सेक्रेटरींनी सांगितलं होतं, सबसे अच्छी मिट्टी मेरे गुलाबों में डालना. श्यामनं हुकूम पाळला. आता गुलाब खाली शोधावे लागतात.

मला वाटलं आता नवी नोटीस लागणार. रोज बोर्ड बघून यायचे. काल संध्याकाळी दाराची बेल वाजली. खुरानाजी. पायात चिखलाचे गमबूट, हातात छत्री, चेहरा असा की मी आधी पाणीच आणलं.

"समधनजी," म्हणाले, "नोटिस निकालनी है। पर किसके नाम निकालूँ? गुलाब तो मेरे हैं।"

स्वयंपाकघरात अळूवड्या तळून ठेवल्या होत्या, देवळाच्या कट्ट्यापाशी सकाळीच पानं खुडली होती. बशी भरून पुढे ठेवली.

"यह क्या है?"

"वही," मी म्हटलं.

"वही मतलब? अरबी तो जड़ होती है जी। पत्ते कौन खाता है?" अरबी म्हणजे आपल्या अळकुड्या.

"आप खाइए।"

त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. बशी संपली तेव्हा ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "भालचंद्रजी, आपने उस दिन चाय पिलाई। यह क्यों नहीं खिलाया?" हे पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले. म्हणाले, "खाने से पहले तो आपने निकलवा दिया।"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पुरचुंडी, आई, विहीर, तुझं मनगट, फरशी. माझं हिंदी अशा वेळी गळपटतं, पण त्यांना कळलं. त्यांची आई फाळणीत मुलतानहून करोल बागेत आली तेव्हा लुगड्याच्या, म्हणजे दुपट्ट्याच्या, टोकाला कसल्याशा भोपळ्याच्या बिया बांधून घेऊन आली होती म्हणे. बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एका खोलीत, राहायची आणि गच्चीवर डब्यात त्या लावायची. ती गेली आणि पुढे कोणी बिया धरल्या नाहीत. "मुझे पता होता तो हाथ नहीं लगाता," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला. त्या माणसाचा इतके दिवस मला राग होता, अक्का. आता धरू म्हटलं तरी धरता येईना.

आता सोसायटीत काय चाललंय ऐक. चौथ्या मजल्यावरच्या बंगाली दत्तबाई म्हणतात हे तर आमचं कोचू. त्या नारळ आणि कोळंबी घालून करतात. तळमजल्यावरची मल्याळी नर्स म्हणते आमच्या घरी असंच, तिनं देठांची आमटी केली. गुजराती शहाबाई म्हणतात, "पात्रा!" आणि श्यामला ओरडतात की कोवळी पानं माझ्यासाठी ठेव. एक चोप्राबाई तेवढ्या चिंच न घालता भाजी करून बसल्या आणि सारी संध्याकाळ घसा धरून गप्प होत्या. त्यांच्या घरच्यांनी मला येऊन धन्यवाद दिले.

बोर्डावर आज नवा कागद लागलाय, हिंदीत: 'कृपया सब लोग इमली डालें।' सही, ओमप्रकाश खुराना, सेक्रेटरी.

तर मुद्दा असा. गौरी तीन आठवड्यांवर आल्या. अळू हवं तेवढं आहे. चिरायला दोन हात कमी पडतात. तू ये.

सुमी


९ सप्टेंबर

तीर्थरूप अक्कास,

लिहिलं. आता तरी पुढचं शांतपणे वाच.

तुझं पत्र मिळालं. अळू आलं हे वाचून गिरिजाबाईंना घरी बोलावून पेढा दिलास, म्हणजे आनंद झाला हे उघड आहे. पण मग खाली लिहितेस की येणं होणार नाही. कारणं दिलीस दोन. गुडघे, आणि 'ज्या घरातून जा म्हटलं त्या घरात कशी येऊ.'

गुडघ्यांचं आधी. सातारा स्टेशनावरून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला येते, मधे उतरायचं नाही, चढायचं नाही. गिरिजाबाईंचा मुलगा विलास इथे दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये जवान आहे आणि त्या त्याच्याकडे दिवाळीला येणारच होत्या, हे तूच मागे लिहिलं होतंस. मी त्यांना फोन केला. हो, फोन केला, तुझ्या पाठीमागे. त्या गौरीच्या आधीच निघायला तयार आहेत आणि तुझं तिकीटही त्यांनीच काढलं आहे, खालचा बर्थ. स्टेशनावर विलास येईल. म्हणतो, "मावशींची काळजी करू नका, दोघींना उचलून आणतो." फौजी माणूस आहे, उचलेलही, तेव्हा स्वतःच्या पायांनी चालायची तयारी ठेव.

इथे पलंग खिडकीपाशी लावला आहे. खिडकीतून मागची जागा दिसते. श्यामनं तिथे पुन्हा कंद लावले, ह्या वेळी रीतसर, वाफा करून. खुरानाजी स्वतः उभे राहून मोजमाप देत होते आणि बॅडमिंटनवाल्यांना सांगत होते की कोर्ट थोडं सरकवा. ह्यांनी पाण्याची नळी धरली होती. मी दारातून बघत होते आणि मला तू इतकी हवी होतीस की काय सांगू. तेच सांगायला हे पत्र.

आता दुसरं कारण. त्याआधी खुरानाजींचा निरोप. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्याकडे सोसायटीतली बरीच मंडळी येणार आहेत, सुनीती आणि जावई तर येणारच. त्यांना त्या दिवशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि इंग्रजीतच बोलायचे आहेत. सहा वर्षांपूर्वी घडी घालून खिशात ठेवलेलं भाषण त्यांनी टाकलेलं नाही, अक्का. परवा मला दाखवलं. त्यातच तुझं कार्ड ठेवलंय. म्हणाले, "समधनजी, मैं वही लाइन फिर बोलूँगा। प्यार और ख़ुशी रॅम्पंट हो। मैंने अपने गुलाबों में देख लिया है कि रॅम्पंट क्या होता है। मुझे यही चाहिए, इससे कम नहीं। प्रोफ़ेसर साहिबा से कहिए, सामने बैठें और ग़लत हो तो वहीं काट दें।"

मी म्हटलं, त्या काटतील. म्हणाले, "काटें। पर आएँ तो सही।"

तेव्हा तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे. कार्डावर उत्तर पाठवायचं नाही. शब्द बरोबर की चूक ते इथे येऊन, तुझ्या त्या वर्गातल्या आवाजात सांगायचं. मी हसणार नाही आणि रागावणारही नाही. अळू मी चिरून ठेवणार नाही, तुझी वाट बघणार आहे. तेलाची वाटी आणि दोन विळ्या काढून ठेवल्यात.

आणि दुसऱ्या कारणाचं असं, की मी तेव्हा जे बोलले ते परत घेत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आता अर्धं घेते. 'वाईला जा' परत घेतलं.

लाल पेन मात्र घेऊनच ये.

तुझी,
सुमी